पाऊण तास

चिठ्ठ्या टाकून कधी कुणाचं भलं झालंय का? पण सरांना कोण सांगणार! "बाहेर कामाला लागाल तेव्हा माणसं निवडून मिळणार नाहीत, आत्तापासून सवय करा," असं म्हणून त्यांनी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या, डबा हलवला आणि वर्गातली चार टोकं एका दावणीला बांधून टाकली.

त्यातलं पहिलं टोक म्हणजे मॅडम. तिला खरं नाव होतं, पण ते आता हजेरीपुरतं उरलं होतं. वर्गाने तिला आधी पाठीमागे मॅडम म्हणायला सुरुवात केली, मग तोंडावर, आणि तिला तो मान वाटला. यातच काय ते समजून घ्या. दिग्दर्शन तिच्याकडे होतं आणि या वेळी तिच्या गळ्याशी आलं होतं. गेल्या वर्षी तिचा गट तिसऱ्या दिवशी सेट सोडून चहाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. फिल्म अर्धवट राहिली. सरांनी यंदा खोलीत बोलावून स्पष्टच सांगितलं होतं, "आठ मिनिटांची फिल्म पूर्ण करून आण, नाहीतर कोर्स सोड. तिसरी संधी मी देत नाही."

बाकीचे तिघंही ऐकून घ्या. कॅमेऱ्याला लंबू. हात वर केला तर पंख्याला लागेल असा उंच, आणि अहंकार त्याहून वीतभर वर. आवाज रेकॉर्ड करायला मुनी. ही पोरगी कानांवर हेडफोन चढवले की दिवसभर तोंड उघडत नसे. एक शब्द बोलायचा तर दाढ उपटल्यासारखा चेहरा करायची. आणि सगळी व्यवस्था बघायला होयबा. त्याला काहीही सांगा, "हो हो, होऊन जाईल." कोर्टात उभा केला तर दोन्ही वकिलांना हो म्हणून येईल असा प्राणी. वाईट नव्हता बिचारा. नाही म्हणायची भीती वाटायची, एवढंच. पण एवढ्याने माणसं बुडतात.

पहिल्या आठवड्यातच मॅडम आणि लंबूचं असं वाजलं की मॅडमने नियम करून टाकला: सेटवर तिच्याशी थेट कुणी बोलायचं नाही. जे काही असेल ते होयबाला सांगायचं, होयबा तिला सांगेल. "मला डोकं शांत लागतं," ती म्हणाली. लंबू म्हणाला, "लागणारच. रिकाम्या जागी आवाज घुमतो." ते मात्र होयबाने तिला सांगितलं. नको ते तेवढं पोचवायला तो चुकायचा नाही.

आणि मग शूटिंगच्या दोन दिवस आधी होयबाने दणका दिला. नटीने विचारलं होतं, "रविवारी संध्याकाळी ना?" तो म्हणाला, हो. मॅडमने विचारलं होतं, "शनिवारी ना?" तो म्हणाला, हो. नटीने शनिवारचं आणि रविवार सकाळचं दुसरं काम घेतलं. कॅमेरा कॉलेजने फक्त शनिवार आणि रविवार दुपारी बारापर्यंत दिला होता. मॅडमने होयबाला असं झापलं की जिन्यातले लोक दारं उघडून बघायला लागले. तो मान खाली घालून "हो हो" म्हणत राहिला.

शेवटी नटीच्या जागी मॅडमची मावशी उभी राहिली. दुसरं होतं कोण?

मॅडम चार वर्षांची असताना तिची आई गेली. त्या दुपारी घरात आई, मावशी आणि ही, तिघीच होत्या. आई म्हणाली, छातीत जड वाटतंय, जरा पडते, बरं वाटेल. मावशीने तिच्या अंगावर पांघरूण घातलं, खिडकीचा पडदा ओढला आणि लेकराचा आवाज नको म्हणून हिला घेऊन बाहेरच्या खोलीत बसली. नंतर उठवायला गेली तेव्हा आई उठेना. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मावशीचं लग्न ठरलेलं होतं. तिने ते मोडलं आणि बहिणीच्या लेकीला वाढवायला याच घरात राहिली. अठरा वर्षं झाली. त्या दुपारचा विषय घरात कधी निघाला नाही. मावशीने कधी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

मॅडमला मात्र ठाऊक होतं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, त्याआधी एकदा तिचा हात धरून म्हणाले होते, "डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, दवाखान्याच्या दारात हे झालं असतं तरी आमच्या हातात काही नव्हतं. तुझ्या मावशीला हे सांगायचं राहून गेलं बघ." तिचंही राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू. चांगलं सांगायला माणसाला मुहूर्त सापडत नाही, वाईट कसं चटकन तोंडावर येतं!

तर शनिवार. सेट म्हणजे मावशीचंच स्वयंपाकघर. शॉट एकच, पण सगळी फिल्म त्या शॉटवर उभी. घरातलं माणूस गेलेली एक बाई सवयीने दोन कप काढते, एक परत ठेवायला जाते, आणि तिथेच तिचा बांध फुटतो. कॅमेरा फळीवर डब्यांच्या मधोमध ठेवलेला, म्हणजे बाई कप ठेवायला आली की चेहरा अगदी समोर. त्या कोपऱ्यात लंबू मावत नव्हता. मॅडमने त्याला रिमोट देऊन टेबलाखाली झोपवलं. कॅमेरामन, आणि कॅमेऱ्याकडे पाय करून टेबलाखाली! त्याने होयबाकडून निरोप धाडला, "सांग तिला, पुढच्या वेळी मला पोत्यात घाल." कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्याकडे मावशीची नजर जायची, म्हणून मॅडमने त्यावर काळी टेप लावली. कॅमेरा चालू-बंद होताना बीप वाजायचा, तो मुनीने खुणेनेच बंद करायला लावला. आता कॅमेरा चालू आहे की बंद, हे कॅमेऱ्यालाच माहीत.

"चालू!" मॅडम ओरडली. "चालू केलास का? अरे चालू कर म्हणतेय ना!"

लंबूने दात खाऊन बटण दाबलं. एकदा तिच्या पहिल्या ओरडण्याला, एकदा दुसऱ्याला. त्या रिमोटला बटण एकच, पहिल्या दाबाला चालू, दुसऱ्याला बंद. झालं! तिथून पुढे "अ‍ॅक्शन" म्हटलं की कॅमेरा झोपायचा आणि "कट" म्हटलं की जागा व्हायचा. टेबलाखाली लंबूला शंका आली नाही असं नाही. पहिला टेक संपल्यावर त्याने होयबाच्या पायाला चिमटा काढला. "बहुतेक दोनदा दाबलं गेलं. तिला सांग, एकदा बघून घेऊ." होयबा म्हणाला, "हो हो." मग मॅडमचा चेहरा बघितला आणि गप्प बसला. लंबूला वाटलं सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर मरू दे, असंही वाटलं. खरं सांगायचं तर दुसरंच जास्त वाटलं.

टेक मात्र फुकट चालले होते. मावशी कप काढायची, एक परत ठेवायची आणि ओशाळून हसायची. रडूच येईना. "अगं चिमे, मला नाही जमत हे. हे कप मी रोज पुसते, त्यांच्याकडे बघून काय रडू?" दुसरा टेक तसाच. तिसरा तसाच. चौथ्याला मॅडमने हातातला कागद भिरकावला. "मावशी, एक काम सांगितलं तुला. एक! अठरा वर्षं घरात बसून तुला रडताही येत नाही?"

मावशीने पदर डोळ्यांपर्यंत नेला, परत खाली आणला आणि चेहरा धुवायला मोरीत गेली.

तेवढ्यात फळीसमोर उभी राहून मॅडम होयबाला हळूच म्हणाली, "आता बघ गंमत. हिला सांगते, डॉक्टर म्हणाले होते तासभर आधी आणलं असतं तर आई वाचली असती."

होयबाचा चेहरा उतरला. "असं म्हणाले होते?"

"छे रे! उलट म्हणाले होते, काहीच करता आलं नसतं. पण हिला कुठे माहीत आहे? बघ आता कशी धो धो रडते. संध्याकाळी सांगून टाकीन खरं काय ते." आणि हसली. होयबाही हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण समोरचा हसला की त्याला हसावंच लागायचं.

मावशी परत आली, जागेवर उभी राहिली. मॅडम तिच्या कानाशी वाकली आणि ते वाक्य म्हणाली. मुनीचा माइक मावशीच्या गळ्याशी होता. मुनीने वर बघितलं, परत खाली बघितलं.

"अ‍ॅक्शन!"

काय सांगू तुम्हाला! मावशीने दोन कप काढले, एक परत ठेवायला फळीशी आली, आणि कप ठेवताच येईना. फळी कुठे आहे तेच तिला कळेना. कप दोनदा कडेवर आपटला. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा म्हणता येणार नाही. मॅडमच्या हातावर काटा आला. दोन मिनिटं, अडीच मिनिटं. "कट!" मॅडम किंचाळली, होयबाला मिठी मारली, टेबलाखालून लंबूचे पाय ओढले. "मिळाला! मिळाला शॉट!" मावशी तशीच ओट्याला टेकून उभी होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

चार वाजता कार्ड लॅपटॉपला लावलं. एकही टेक नव्हता. कप नव्हते, रडणं नव्हतं. होतं ते सगळं मधलं: लंबूचे पाय, होयबाचं नाक खाजवणं, मॅडमचं कागद भिरकावणं, मावशीची मोरीकडे जातानाची वाकलेली पाठ. आणि मग फळीसमोर मॅडमचा स्वतःचा चेहरा, अगदी जवळून, उत्तम फोकसमध्ये. "छे रे! उलट म्हणाले होते, काहीच करता आलं नसतं." आणि ते हसणं. एक एक अक्षर स्पष्ट.

मॅडमने लॅपटॉप जोरात मिटला.

"तू हे मुद्दाम केलंस," ती लंबूला म्हणाली.

"मी सांगितलं होतं. होयबाला सांगितलं होतं. थेट बोलायचं नाही असा नियम कुणाचा?"

तिने होयबाकडे बघितलं. "सांगितलं होतं याने?"

"हो," होयबा म्हणाला. "म्हणजे... हो."

मारायचं बाकी ठेवलं तिने. पण घड्याळ पुढे पळत होतं. स्वयंपाकघरातला उजेड गेला होता, आता शॉट उद्या सकाळीच. कार्ड एकच, आणि नको त्या पसाऱ्याने भरलेलं. "सगळं पूस," ती लंबूला म्हणाली.

"सगळं? एखादा तुकडा तरी..."

"एक फ्रेमसुद्धा नको. माझं ते थोबाड मला परत बघायचं नाही."

तेव्हा मुनीने हेडफोन मानेवर उतरवले. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती आपण होऊन बोलली. "ठेवावं," ती म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?"

मुनीने हेडफोन परत चढवले. लंबूने कार्ड पुसलं.

संध्याकाळ झाली. मॅडम मावशीच्या खोलीच्या दारापर्यंत गेलीसुद्धा. मावशी अंधारात पलंगावर बसली होती, दिवा लावायचं तिला सुचलं नव्हतं. आता सांगितलं तर उद्या हिला रडू कुठून येणार? मॅडमने मनाशी हिशेब मांडला. एक रात्र. अठरा वर्षांत एक रात्र काय मोठी! "मावशी," ती दारातूनच म्हणाली, "शॉट परत घ्यावा लागणार. कॅमेऱ्याचा घोळ झाला. सकाळी तयार राहा."

"बरं," मावशी म्हणाली.

सकाळी आठला सगळे जमले. कुणी चहाही घेतला नव्हता. मावशीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मुनीने तिच्या गळ्याशी माइक लावला. लंबू या वेळी स्टुलावर अवघडून, मान वाकडी करून कॅमेऱ्याशेजारीच उभा राहिला. टेप काढून टाकली होती. मॅडम जवळ आली तशी मावशीने तिचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "चिमे, एक विचारू का गं?"

"विचार ना."

"डॉक्टर नक्की तासभरच म्हणाले होते का? मी रात्रभर आठवत होते. तिला पडदा ओढून दिला तेव्हा खाली साडेतीनला शाळा सुटल्याची घंटा झाली होती. आणि उठवायला गेले तेव्हा घड्याळात सव्वाचार. म्हणजे पाऊण तास झाला, चिमे. तास नाही झाला. तास नव्हता गं झाला." आणि ती मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिली. आशेने बघत होती हो! पंधरा मिनिटांची सूट मागत होती.

एक शब्द पुरला असता. मॅडमच्या जिभेवर तो आलाही. तिने फळीकडे बघितलं. लाल दिवा लुकलुकत होता, बारा वाजता कॅमेरा परत द्यायचा होता, आणि मावशीच्या चेहऱ्यावर नको तो उजेड यायला लागला होता.

"पाऊण ताससुद्धा पुष्कळ होता, मावशी," ती म्हणाली.

मावशीने हात सोडला. "हो का," एवढंच म्हणाली. मुनी हेडफोन लावून मॅडमकडे बघत होती.

पहिल्याच टेकला झालं. कालच्यापेक्षा वेगळं झालं. आवाज नव्हता. मावशीने कप फळीवर ठेवला, त्यावर हात तसाच ठेवला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. मॅडमने धाकधुकीने आणखी एक टेक मागितला, तेव्हाही तसंच. तिसऱ्यालाही. मागाल तेवढं. लंबूने कार्ड तपासलं, सगळं होतं. मुनीने माइक सोडवला, वायर गुंडाळली, मावशीच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला आणि कुणाला काही न बोलता निघून गेली. तिने त्यानंतर मॅडमचा फोन कधी उचलला नाही.

आता मॅडम घाईघाईने मावशीपाशी जाऊन बसली. "मावशी, ऐक. सगळं खोटं होतं. डॉक्टर तसं काही म्हणालेच नव्हते. बाबांनी मला सांगितलं होतं, दवाखान्याच्या दारात झालं असतं तरी काही करता आलं नसतं. तू रडावंस म्हणून मी ते म्हणाले. शपथ!"

मावशी शांतपणे ऐकत होती. "आणि सकाळी मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही... तेव्हाही शॉटसाठीच."

"असं." मावशीने तिच्या केसांवरून हात फिरवला. "असं कुणी करेल का, चिमे? मी तुला वाढवलंय. तू अशी नाहीस."

हिला पटवायचं कसं? बाबा राहिले नाहीत, ते डॉक्टर कधीच गाव सोडून गेले. पुरावा एकच होता. तिचा स्वतःचा चेहरा, अगदी जवळून, उत्तम फोकसमध्ये, एक एक अक्षर स्पष्ट. ती लंबूकडे धावली. "कालचं काही राहिलंय का रे? लॅपटॉपवर, कुठे तरी?"

लंबू कॅमेरा पेटीत भरत होता. "एक फ्रेमसुद्धा नको, म्हणालीस ना?"

"मग तू सांग तिला. तू काल ऐकलंस ते."

"मी?" त्याने पेटीचं कुलूप लावलं. "सेटवर मी थेट बोलत नाही, मॅडम. नियम आहे." आणि पेटी खांद्याला लावून तो जिना उतरून गेला.

राहिला होयबा. मॅडमने त्याला दंडाला धरून मावशीसमोर उभा केला. "याला विचार, मावशी! तुला सांगायच्या आधीच मी याला सांगितलं होतं, की खोटं सांगणार आहे. सांग ना रे!"

"हो हो," होयबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "खोटं होतं ते, मावशी. ही माझ्यासमोर म्हणाली होती."

मावशीने त्याच्याकडे मायेने बघितलं. "बाळ, तू सकाळपासून काही खाल्लंस का?"

"हो."

"चहा तरी घेतलास?"

"हो हो."

शेगडी सकाळपासून पेटलेली नव्हती. मावशीने शेगडीकडे एक नजर टाकली. "आणि हे मला सांग म्हणून हिने तुला सांगितलं, होय ना?"

"हो," होयबा म्हणाला.

मावशीने मॅडमला जवळ ओढलं, लहानपणी घ्यायची तशी कुशीत घेतली आणि थोपटायला लागली. "गुणाची आहे माझी पोर," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर एवढं ओढून घेतेस. नको गं. खरं ते खरं. पाऊण तास पुष्कळ असतो, तू बरोबर तेच सांगितलंस."

मग तिने मॅडमला बाजूला बसवलं, डोळे पुसले आणि होयबासाठी चहा टाकला.